हिशेबाची फाईल कुणाच्या हातात? गटाच्या व्यवसायासाठी संगणकावरचं ऑफिस निवडताना



आपल्या गटांचे व्यवसाय वाढले, तसं लिहिण्याचं कामही वाढलं. दुकानदार म्हणतो बिल द्या. बँक म्हणते मागच्या वर्षाची विक्री दाखवा. प्रदर्शनात स्टॉल हवा तर मालाची यादी आणि दरपत्रक मागतात. आणि समोरचा माणूस सहज बोलून जातो, "ताई, एक्सेलमध्ये पाठवून द्या." मग आपण एकमेकींकडे बघतो आणि शेवटी कुणाच्या तरी मुलाला नाहीतर पुतण्याला हाक मारतो.

एका गटाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण चूक कुणा एकीची नव्हती. चटणी-मसाल्याचा व्यवसाय, माल चांगला, दुकानं बांधलेली. गावातला एक मुलगा स्वतःच्या लॅपटॉपवर त्यांचा हिशेब ठेवायचा. मुलगा गुणी, पैसेही घेत नव्हता. दोन वर्षं काम सुरळीत चाललं. मग त्याला पुण्याला नोकरी लागली. जाताना त्याने आठवणीने सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर भरून दिल्या. बायकांनी पेनड्राइव्ह पेटीत ठेवला आणि निर्धास्त झाल्या.

पुढे कर्जाचा अर्ज करायची वेळ आली. सेवा केंद्रात पेनड्राइव्ह लावला, तर आकडे दिसले, पण मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. कुठल्या दुकानाची किती उधारी, काही कळेना. दुसरी फाईल पासवर्ड मागायला लागली. मुलगा कामावर, फोन लागेना. शेवटी बायकांनी बिलबुकाच्या कार्बन प्रती काढल्या आणि तीन संध्याकाळी बसून दोन वर्षांची विक्री पुन्हा मांडली. तोवर अर्ज पुढच्या महिन्यावर गेला. त्या पैशातून शेंगदाणे भरायचे होते, ते भरता आले नाहीत आणि दिवाळीची ऑर्डर हातची गेली.

यात फसवणूक कुणीच केली नाही. तरीही दोन वर्षांचा हिशेब एका माणसाबरोबर गावाबाहेर गेला. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना "सगळ्यात भारी कुठलं?" हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न असा: ही फाईल आपल्यातल्या निदान दोघींना, कुणाच्याही मदतीशिवाय, उद्या उघडता येईल का?

आपल्याला नेमकं काय लागतं?

ऑफिस सॉफ्टवेअर म्हणजे साधारण तीन गोष्टी. एक, पत्र लिहायचं साधन. त्यात अर्ज, दरपत्रक, ठरावाची प्रत लिहिता येते. दुसरं, तक्त्याचं साधन, म्हणजे एक्सेलसारखं. त्यात हिशेब. तिसरं, पडद्यावर चित्रं आणि मुद्दे दाखवायचं साधन. ते आपल्याला क्वचितच लागतं. आपलं खरं काम तक्त्यात असतं. तेव्हा निवड तक्ता बघूनच करा.

तक्त्याचा फायदा काय, तर एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात. उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा १० किलो शेंगदाणा चटणी केली. ९ किलो शेंगदाणे, १४० रुपये किलोने १२६० रुपये. तिखट, लसूण, मीठ मिळून ३०० रुपये. २०० ग्रॅमची ५० पाकिटं, ३ रुपयांप्रमाणे १५० रुपये. दोघींची मजुरी ६०० रुपये. एकूण खर्च २३१० रुपये. ५० पाकिटांनी भागलं की एका पाकिटाला ४६ रुपये २० पैसे. दुकानदाराला आपण ५० रुपयांना देतो, म्हणजे पाकिटामागे ३ रुपये ८० पैसे सुटतात.

आता शेंगदाणे १६० रुपये किलो झाले. तक्त्यात १४० खोडून १६० लिहायचे, एवढंच काम. एकूण खर्च लगेच २४९० दिसतो आणि पाकीट ४९ रुपये ८० पैशांना पडतं. म्हणजे पाकिटामागे सुटले २० पैसे. ५० पाकिटं विकून हातात १० रुपये! तक्ता नसता तर आपण जुन्याच दराने महिनाभर माल दिला असता आणि "विक्री तर चांगली आहे, पैसा कुठं जातो?" म्हणत बसलो असतो. संगणक घ्यायचा तो यासाठी. शोभेसाठी नाही.

पर्याय कोणकोणते?

*१. कागदाची वही.* हसू नका, वही हा पहिला पर्याय आहे. महिन्याला पाच-दहाच बिलं होत असतील, तर चांगली आखलेली वही आणि बिलबुक पुरतं. संगणक आला तरी रोजची नोंद आधी वहीत होऊ द्या. लाईट गेली तरी वही चालते.

*२. फोनवरचं गूगल शीट्स.* ज्यांच्याकडे संगणक नाही, पण दोघी-तिघींकडे चांगला फोन आहे, त्यांच्यासाठी हा सोपा रस्ता. पैसे लागत नाहीत. मेल, फोटो आणि फाईली मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते, आणि हिशेबाची फाईल अगदी लहान असते. एकच तक्ता दोघी आपापल्या फोनवर बघू शकतात. कुणी चुकून काही पुसलं, तर आदल्या दिवशीचा तक्ता परत आणता येतो. नेट येत-जात असेल तर ती फाईल आधीच 'ऑफलाइन' करून ठेवायची. मग नेट नसतानाही लिहिता येतं, आणि नेट आलं की ते वर चढतं.

जपायचं कुठं? खातं कुणाच्या नावाचं, तिथं. लिपिकेच्या स्वतःच्या खात्यावर गटाचा हिशेब ठेवू नका. गटासाठी वेगळं खातं उघडा. आणि ते वापरात ठेवा, कारण दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल बंद करू शकतं.

*३. लिब्रेऑफिस.* संगणक आहे पण नेटचा भरवसा नाही, आणि दरवर्षी पैसेही भरायचे नाहीत, तर हे बघा. जगभरच्या लोकांनी मिळून चालवलेलं हे सॉफ्टवेअर आहे. जुन्या ओपनऑफिसमधून ते २०१० साली वेगळं झालं. पूर्ण मोफत आणि पूर्ण कायदेशीर. एक प्रत दहा संगणकांवर टाकली तरी चालते. पत्रासाठी 'राइटर', तक्त्यासाठी 'कॅल्क'. मेनूसुद्धा मराठीत करता येतो. एक्सेल आणि वर्डच्या फाईली यात उघडतात, आणि यातली फाईल एक्सेलच्या प्रकारात जतनही करता येते.

उणीव काय? वर्डमध्ये छान मांडलेलं पत्र इथं उघडलं तर ओळी, तक्ते थोडे सरकू शकतात. शिवाय फोनवर काम करायला ते सोयीचं नाही.

*४. मायक्रोसॉफ्ट ऑफिस.* वर्ड आणि एक्सेल यातलेच. बँकेत, सीएकडे, सेवा केंद्रात बहुतेक हेच असतं. गावातल्या मुलामुलींनी एमएस-सीआयटी केलेलं असतं, त्यांचाही हात यावरच बसलेला असतो. (एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट नव्हे बरं का, महाराष्ट्र स्टेट!) तुमच्या फाईली रोज बाहेर जात-येत असतील तर हे सोयीचं.

पण विकत घ्यायच्या दोन तऱ्हा आहेत, त्या नीट समजून घ्या. एक वर्गणीची: दरवर्षी किंवा दरमहा पैसे भरायचे. वर्गणी थांबली की फाईल उघडून वाचता येते, पण तिच्यात बदल करता येत नाही. दुसरी एकदाच पैसे भरून एका संगणकासाठी घ्यायची. दुकानदाराला विचारा, "हे वर्गणीचं की कायमचं?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं तर नेटवर चालणारं साधं वर्ड आणि एक्सेल फुकटही वापरता येतं. त्यात ५ जीबी जागा मिळते.

*५. बिलाचं आणि जमाखर्चाचं खास सॉफ्टवेअर, टॅलीसारखं.* जीएसटी क्रमांक घेतला, रोज बिलं फाडावी लागतात, माल किती शिल्लक हे रोज बघावं लागतं, अशा वेळी याचा विचार करा. नुसता माल विकणाऱ्या व्यवसायाला साधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. काही व्यवहारांत ती आधीही लागते, तेव्हा सीएला विचारून घ्या. पण "सगळे टॅली घेतात" म्हणून पहिल्याच वर्षी पैसे घालवू नका. तक्त्यात ज्यांचा हिशेब जुळत नाही, त्यांचा टॅलीतही जुळत नाही.

"ताई, आम्ही फुकट टाकून देतो"

जुना संगणक घेताना दुकानदार असं म्हणतो. बऱ्याचदा ती चोरीची प्रत असते. तिचे तोटे तीन. एक, ती कायद्यात बसत नाही, आणि उद्या आपला गट अनुदान घेणार, कंपनीला माल देणार, तर घरात बेकायदा वस्तू कशाला? दोन, अशा प्रतीबरोबर व्हायरस येऊ शकतो, आणि तो हिशेबाच्या फाईलीच खातो. तीन, ती कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि बंद पडली तर दाद मागायला जागा नाही. फुकटच हवं असेल तर कायदेशीर फुकट आहे ना, वर सांगितलेलं. दुकानदाराला स्पष्ट सांगा, "आम्हाला लिब्रेऑफिस टाकून द्या."

मराठी लिहिताना दोन खबरदाऱ्या

पहिली खबरदारी अक्षरांची. गोष्टीतल्या गटाची फाईल का वाचता आली नाही? जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये, संगणक आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो. त्यांना मराठीचा मुखवटा तो फॉन्ट देतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मात्र 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, त्यामुळे तो फोनवर, बँकेत, कुठंही 'क'च दिसतो. फोनवर आपण व्हॉट्सअॅपला मराठीत लिहितो ते युनिकोडच असतं.

ओळखायची खूण सोपी आहे. टाइप केलेलं मराठी उचलून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. तिथं मराठीच दिसलं तर ठीक. काला दिसला तर टाइप करणाऱ्याला सांगा, "युनिकोडमध्ये करून द्या." आणि टाइप करायचा कंटाळा येत असेल तर फोनच्या कीबोर्डवरचं माईक दाबून मराठीत बोला. दुकानांची नावं, मालाची नावं तो आपोआप लिहितो. एकदा वाचून दुरुस्त करायचं, एवढंच.

दुसरी खबरदारी आकड्यांची. नावं मराठीत लिहा, पण तक्त्यातले आकडे इंग्रजी लिपीतच टाका. मराठी आकडा बऱ्याचदा तक्त्याला अक्षर वाटतो आणि तो बेरजेत धरला जात नाही. आकड्यापुढे 'रु.' लिहिलं तरी तेच होतं. मग दहा नोंदींची बेरीज आठच नोंदींची येते, आणि आपण मात्र संगणक कधी चुकत नाही म्हणून विश्वास ठेवतो. खूण लक्षात ठेवा: आकडा टाकून पुढे गेल्यावर तो चौकोनात उजवीकडे सरकला, तर तो आकडा म्हणून कळला. डावीकडेच चिकटून राहिला, तर पुन्हा टाका.

पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे

गटाच्या पेटीचा नियम आपल्याला कुणी शिकवायला नको. पेटी एकीच्या घरी, किल्ल्या दुसऱ्यांकडे. पैसे मोजायचे ते सगळ्यांसमोर. हाच नियम फाईलीला लावा.

गटाच्या खात्याचा पासवर्ड एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, वर सह्या करून पेटीत ठेवा. पासवर्ड विसरला तर ज्या नंबरवर ओटीपी येतो, तो नंबर अध्यक्ष किंवा सचिव यांचा असू द्या, मदतनीस मुलाचा नको. पदाधिकारी बदलल्या की नंबरही बदला. बँकेतल्या सह्या बदलतो, तसंच हे.

तक्ता इतरांना दाखवताना दोन तऱ्हा असतात: नुसतं पाहणारी आणि बदल करणारी. लिहिणाऱ्या दोघींना बदल करू द्या, बाकी सगळ्यांना पाहू द्या. 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय मात्र ठेवू नका. नाहीतर आपला दर, आपली उधारी आणि आपले गिऱ्हाईक सगळं लिंकबरोबर फिरत राहील. आणि बायकांचे आधार क्रमांक, बँक खात्याचे नंबर विक्रीच्या तक्त्यात लिहायचेच नाहीत.

महिन्याच्या बैठकीआधी तीन गोष्टी करा. फाईलीची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक प्रत गटाच्या मेलवर, आणि महिन्याच्या विक्री-उधारीच्या पानाची एक छापील प्रत ठराव-वहीत चिकटवायला. मेलवरची प्रत एक्सेलच्या प्रकारात म्हणजे डॉट एक्सएलएसएक्समध्ये ठेवा. तो प्रकार वर सांगितलेल्या दोन, तीन आणि चार या तिन्ही पर्यायांत उघडतो. बँकेला किंवा दुकानदाराला पाठवायची प्रत पीडीएफ करून पाठवा. तिच्यातली मांडणी सरकत नाही आणि वाटेत चुकून आकडा बदलला जात नाही.

मग निवड कशी करायची?

बैठकीत हे पाच प्रश्न मोठ्याने वाचा आणि उत्तरं लिहा.

१. लिहिणार कोण? दोन नावं ठरली का? एकच नाव असेल तर थांबा.
२. लिहिणार कशावर, फोनवर की संगणकावर? तिथं नेट रोज असतं का?
३. फाईल बाहेर कुणाला द्यायची? त्यांच्याकडे काय चालतं?
४. पैसे एकदाच लागणार की दरवर्षी? मंदीच्या वर्षी वर्गणी भरता आली नाही तर काय होईल?
५. हे सोडून दुसरं घ्यायचं ठरलं तर आपला हिशेब बाहेर काढता येईल का?

फोन आहे, नेट आहे, संगणक नाही: गूगल शीट्स. संगणक आहे, नेटचा भरवसा नाही: लिब्रेऑफिस. रोज मोठ्या खरेदीदाराशी वर्ड-एक्सेलमध्ये देवाणघेवाण आहे आणि व्यवसायातून खर्च सुटतो: मायक्रोसॉफ्ट ऑफिस. यात उच्च-नीच काही नाही. चुलीवरची भाकरी आणि गॅसवरची भाकरी, पोट दोन्हींनी भरतं.

निवड झाली की पहिला महिना वही आणि तक्ता दोन्ही चालवा. तक्ता सात रकान्यांचाच करा: तारीख, दुकान, माल, नग, दर, एकूण, बाकी. महिनाअखेर वहीची बेरीज आणि तक्त्याची बेरीज सगळ्यांसमोर जुळवा. जुळली नाही तर चूक शोधा. पहिल्या महिन्यात ती बहुतेक सापडतेच, आणि ती शोधताना जे शिकायला मिळतं ते प्रशिक्षणातही मिळत नाही. दुसऱ्या महिन्यात लिहिणारी बदला. पहिली नुसती शेजारी बसेल, फोनला हात लावणार नाही. "मला नाही जमणार" म्हणणारी बाई जर गटाची वही लिहीत असेल, व्याज काढत असेल, तर तिला तक्ता जमतोच. रकाने तेच आहेत.

आणि हो, मदत करणाऱ्या पोरांना नाही म्हणू नका. त्यांना फक्त एवढं सांगा, "बाळा, तू करून देऊ नकोस, शेजारी बसून दाखव."

पुढच्या बैठकीत असा ठराव घेता येईल. हवा तर जसाच्या तसा उतरवून घ्या:

"आपल्या गटाच्या व्यवसायाचा हिशेब यापुढे ……… या सॉफ्टवेअरमध्ये, गटाच्या नावाच्या खात्यावर ठेवण्यात येईल. नोंद ……… व ……… या दोघी करतील. पासवर्डचे बंद पाकीट पेटीत राहील. दरमहा फाईलीची प्रत काढून छापील पान बैठकीत वाचून दाखवण्यात येईल. ठराव सर्वानुमते मंजूर."

रिकाम्या जागी नावं भरा, सह्या घ्या. आणि त्याच बैठकीत एकदा ती फाईल उघडून बघा. दोघींनीही, आपल्या हाताने.